शोभेच्या मिरच्या आणि गल्लीची दृष्ट

परभणीजवळच्या पिंगळीत राहायला आले तेव्हा घरमालकीण बाईंनी मला दोनच गोष्टी बजावल्या. संडासाचं दार ओढून घेत जा, आणि कुंड्यांतल्या मिरच्या खायच्या नाहीत. पहिली लगेच कळली. दुसरीला मी नुसती मान हलवली. आमच्या मालवणाकडे न खायची वस्तू लावून तिला कुणी रोज दोन वेळा पाणी घालत नाही. फुलझाड असेल तर ठीक, ते देवाला तरी जातं. पण मिरची, आणि खायची नाही?

बाई म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका. गावात सगळे त्यांना बाईच म्हणतात, त्यांच्या हाताखाली शिकलेलेही आणि त्यांच्या हातून निसटलेलेही. त्यांचे गुडघे दुखतात, वाकता येत नाही. पुण्याला असलेल्या मुलीने आईचा वेळ जावा म्हणून कुरिअरने बियांची पाकिटं पाठवली होती. पाकिटावर रंगीत चित्र आणि एक लांबलचक इंग्रजी शब्द. मी आठवीतून शाळा सोडलेली, त्यामुळे चित्रावर समाधान मानलं. बाईंनी चष्मा लावला, शब्द वाचला आणि निकाल दिला, "शोभेची. खायची नाही." बाईंचा निकाल फळ्यावर लिहिलेला असतो. पुसणार कोण?

माझा नवरा रेल्वेत गँगमन. बदली होऊन आलो तेव्हा खोली शोधताना लोकांनी आम्हाला काय काय विचारलं. कुठले, कोणाचे, काय खाता, किती वर्षं झाली लग्नाला, मग अजून कसं काही नाही. बाईंनी फक्त एकच विचारलं, "झाडांना पाणी घालशील?" मी "हो" म्हटलं आणि आम्हाला घर मिळालं. त्या एका 'हो'चे उपकार माझ्या डोक्यावर एवढे होते की मला झोप लागायची नाही. एखादं झाड मेलं तर? मग आपण कशाच्या जोरावर इथे राहणार? कुठलंही पान पिवळं दिसलं की बाईंच्या नजरेला पडायच्या आत मी ते खुडायचे आणि गाऊनच्या खिशात घालायचे. गाऊन धुताना खिशातून पानांचा चुरा निघायचा. नवरा म्हणायचा, "तंबाखू खावक लागलंस काय गो?"

पण झाडं मेली नाहीत. दह्याचे डबे, तेलाचे डबे, फुटकी बादली, नवऱ्याचं चिरलेलं पिवळं हेल्मेट, जिथे माती राहील तिथे मी रोपं लावली. परभणीची काळी माती एवढी चिकट की हेल्मेटमधलं रोप एकदा उपटायला गेले तर हेल्मेटच उचलून आलं. त्यात मी वाळू मिसळली, शेण मिसळलं, आणि थंडी सुरू होताना मिरच्या लागल्या. कशा लागल्या ते सांगते. एका जातीला मिरच्या खाली लोंबत नव्हत्या, आकाशाकडे तोंड करून उभ्या. त्याच एका झाडावर पांढरी, जांभळी, पिवळी, नारिंगी आणि लाल, सगळ्या एकाच वेळी. तिचं नाव मी दिवाळी ठेवलं. दुसरीची मिरची म्हणजे चपटी, तीन कोन असलेली टोपीच. ती टोपी. तिसरीची पानंसुद्धा काळी आणि मिरच्या वाटाण्याएवढ्या, त्याही काळ्या. ती काळी. एवढंच.

गल्ली बघायला लोटली. शेजारच्या आक्का तर पहिल्या दिवशी कंपाउंडच्या भिंतीवर हनुवटी टेकून किती तरी वेळ बघत राहिल्या. आक्कांचं घर शेतकऱ्याचं, अंगणात म्हशी, कापसाच्या पऱ्हाट्यांचा ढीग, आणि तोंडाला विसावा नाही. मला त्या 'ए कोकणची' म्हणायच्या.

"ए कोकणची, ही मिरची हाय का मनी?"

"मिरची आहे, आक्का."

"मग खाऊन बगितली का?"

"बाई म्हणतात खायची नाही. शोभेची आहे."

"आता गं माय! शोभेची मिरची. उद्या शोभेची म्हैस आनतील." मग त्यांची नजर काळीवर गेली. "आन हिच्यावर तर करपा पडलाय. उपटून टाक, नाय तर बाकीच्याला लागंल."

करपा नव्हता, पण मला धास्ती वाटली. मी काळीचे डबे पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवले. तिथे ती एकटीच वाढली, तिला कोणी बघितलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याला महत्त्व आलं.

वाळवण्याचं मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. मासे वाळवण्यातच माझी शाळा सुटली. बांगडा असो की मिरची, उन्हाला काही फरक पडत नाही. पहिल्यांदा चुकलं ते एवढंच, की मी पांढऱ्या आणि जांभळ्या मिरच्याही हौसेने तोडल्या. वाळल्यावर सगळ्या माशाच्या काट्यासारख्या फिक्या पडल्या. मग कळलं, झाडावरच पुरती लाल होऊ द्यायची. देठ तोडायचा नाही, सुई देठातून घालायची, मिरचीला भोक पडलं की आत बुरशी. टोपी जाड सालीची, तिला बाजूने चीर द्यायची. गच्चीवर मी दोरीवर माळा बांधल्या आणि वरून माहेरहून आणलेलं जुनं जाळं टाकलं, कावळ्यांसाठी टाकतो तसं. पिंगळीत माशाचं जाळं गच्चीवर बघून खाली उभ्या आक्का ओरडल्या, "काय गं, ढगातले मासे धरायलीस का?"

एक खार मात्र जाळ्याखालून यायची. दिवाळीची एक मिरची दोन्ही हातांत धरून बसायची आणि बोंबलाच्या तुकड्यासारखी कुरतडून संपवायची. दुसऱ्या दिवशी परत. मला तिची काळजी वाटायची, की शोभेची मिरची खाऊन हिला काही होईल. तिला काही झालं नाही. तिचं पोट सुटलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण बाईंचा निकाल फळ्यावर होता.

वाळून तयार झालेल्या दिवाळीच्या माळा मात्र दृष्ट लागावी अशा. लालबुंद, चकचकीत, प्रत्येकीला शाबूत देठ. बाईंनी एक माळ समोरच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीशेजारच्या पितळी फुलदाणीला गुंडाळली आणि पुण्याला फोटो पाठवला. माळ बघून त्या मला म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा." हे वाक्य मी तीन दिवस पुरवून पुरवून वापरलं.

त्याच सुमारास आक्कांची लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. मी रोज संध्याकाळी तिकडे जायचे. बाळंतिणीला जरा पाठ टेकायला मिळावी म्हणून बाळाला मांडीवर घ्यायचे. बाळ गुबगुबीत, डोक्याला मऊ जावळ, आणि बरोबर दिवेलागणीला रडायला लागायचं. ते मांडीवर असताना माझं गाव किती लांब आहे हे मला आठवायचं नाही. बारसं सव्वा महिन्याने ठरलं होतं, जावयाला तोवर सुट्टी नव्हती. आक्का एकदा म्हणाल्या, "पाळन्याच्या इकडं मी, आन तिकडून तू घ्यायचं लेकरू. तुजे हात लांब हायत." बारशाला बाळ पाळण्याखालून आणि वरून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात द्यायचं असतं. एका बाजूला आजी आणि दुसऱ्या बाजूला मी. मला हे खरं वाटेना. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, त्याने विचारलं, "मग तुका नवीन साडी लागतली?" म्हणजे त्यालाही कळलं.

आणि तेव्हाच मिरच्यांनी घात केला.

बाळ रडतं म्हणून आक्कांनी दृष्ट काढायचं ठरवलं. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या. पण त्यांच्या घरच्या मिरच्या तिखट कुटायला देठ काढून बसलेल्या, आणि दृष्टीला लागते देठासकट मिरची. त्यांनी भिंतीवरून हाक मारली, "ए कोकणची, तुज्या शोभेच्या सात मिरच्या दे गं. खायाच्या न्हाईत, जाळायच्या हायत."

जाळायला बाईंनी मनाई केलेली नव्हती. मी अख्खी माळच दिली. बाई आतून म्हणाल्या, "आक्का, बाळाला गॅस झाला असेल. ओवा द्या त्याच्या आईला."

"ओवा बी देते आन दिष्ट बी काढते. दोनीपैकी एक लागू पडंलच की, बाई."

आक्कांनी बाळावरून मूठ फिरवली, पुटपुटल्या, मूठ चुलीत टाकली आणि आम्ही सगळ्याजणी वाट बघत थांबलो. आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मिरच्या जळल्यावर ठसका आला, खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, तर समजायचं नजर वगैरे काही नव्हती. ठसका आलाच नाही, तर नजर लागलेली होती, आणि जेवढा ठसका कमी तेवढी नजर भारी.

मीठ तडतडलं. मोहऱ्या उडाल्या. मिरच्या जळून कोळसा झाल्या. आणि घरात भाजलेल्या रताळ्याचा गोडसर वास सुटला.

कुणी खोकलं नाही. आक्कांनी मुद्दाम चुलीवर वाकून लांब श्वास घेतला. काही नाही.

"अगं माय माय माय!" त्या कपाळाला हात लावून खालीच बसल्या. "लयच भारी नदर हाय ही!"

दुसऱ्या दिवशी दुप्पट मिरच्या. ठसका नाही. तिसऱ्या दिवशी ओंजळभर. रताळी. मग आक्कांच्या डोक्यात आलं, एकट्या लेकरालाच एवढी कशी लागेल? त्यांनी म्हशीची काढली. म्हशीलाही होती. जावयाने इथे ठेवलेल्या मोटरसायकलची काढली, तिलाही. बोअरच्या मोटारीची काढली. फ्रिजची काढली. मग बातमी गल्लीत गेली. ज्याने त्याने येऊन माझ्याकडून देठाची मिरची नेली, कारण गल्लीत दृष्टीलायक मिरची तेवढी माझ्याकडेच, आणि ज्याने त्याने घरी जाळून बघितली. नवरदेवाला नजर, शेळीला नजर, बंद पडलेल्या घड्याळाला नजर, आणि चालू असलेल्या घड्याळालाही नजर. संध्याकाळी अख्ख्या गल्लीतून रताळ्याचा वास यायचा आणि लोक दारं लावून भेदरून बसायचे. एक शेतकरी तर सोयाबीनचं पोतं घेऊन आला, म्हणाला, ह्याची काढा, मोंढ्यात विकायला न्यायचंय. काढली. नजर होतीच.

मी सगळ्यांना मिरच्या देत राहिले. एवढ्या लोकांना आपला उपयोग होतोय याचा आनंद मला झाला होता, खोटं कशाला सांगू. मग एका दुपारी जाळ्याखाली माळा उलटवताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात मी गारठले.

बाळ, म्हैस, मोटरसायकल, फ्रिज, शेळी. ह्या सगळ्यांना बघणारं एकच माणूस होतं. मी. बाळाकडे तर मी रोज तासभर टक लावून बघत होते. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नसलेली, परगावची बाई. अशा बाईच्या नजरेबद्दल आमच्या गावी काय बोलतात ते मी लहानपणापासून ऐकलं होतं. इकडे वेगळं बोलत असतील असं मानायला काही कारण नव्हतं.

त्या दिवसापासून मी बघणं सोडलं. बाळाला मांडीवर घेतलं तरी नजर त्याच्या पायाच्या अंगठ्यावर. अंगठ्याला लागली तर लागली. म्हशीजवळून जाताना डोळे मिटायचे. एकदा तशीच जाताना म्हशीवरच धडकले आणि शेणात बसले. नवऱ्याने विचारलं, "डोळे मिटान कित्याक चलतंस?" मी म्हटलं, "उन्हाचा." आभाळ भरलेलं होतं. बाईंशी बोलताना मी त्यांच्या चपलांकडे बघायचे. त्यांना वाटलं मला त्यांच्या चपला आवडल्या. त्यांनी तशाच आणून दिल्या. आता उपकार आणखी वाढले.

आणि मग आक्कांनी जाहीर केलं, "बारशाला पाळन्याजवळ कुनी यायचं न्हाई. लेकरू हाताहाती द्यायचं न्हाई. नाव ठेवायचं आन आत न्यायचं. एवडी नदर असल्यावर कशाला इषाची परीक्षा?"

हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, भाकरीकडे बघत होत्या. मी बाळ लेकीच्या मांडीवर ठेवलं आणि घरी आले. नवरा कामावर गेला होता ते बरं झालं. पाळण्याच्या पलीकडची ती वीतभर जागा गेली होती, आणि ती मी स्वतःच खाल्ली होती असं मला पक्कं वाटत होतं.

मी बाईंना विचारलं, म्हणजे त्यांच्या चपलांना विचारलं, "ज्याची नजर लागते, त्याचीच दृष्ट काढली तर काय होतं?"

"प्रश्नच चुकीचा आहे," बाई म्हणाल्या. "नजर लागत नाही. आमच्या घरात हे असलं मानणं माझ्या आजोबांनी सोडलं, तेव्हा सोडलं. आक्काला मी इतकी वर्षं सांगतेय."

तेवढ्यात आक्का भिंतीवर आल्याच. "बाई, सोप्पं हाय बोलायला. तुमची काढते, बगा."

"काढा," बाई म्हणाल्या. "होऊन जाऊ द्या एकदाचं. सत्तरीच्या बाईला कोण नजर लावतंय?"

खुर्चीत ताठ बसून बाईंनी स्वतःची दृष्ट काढून घेतली, शाळा तपासायला साहेब आल्यासारखी. मिरच्या दिवाळीच्याच. शेगडीत टाकल्या. रताळी.

"बगा!" आक्का म्हणाल्या. "तुमालाबी हाय. असनारच. या वयात दात सगळे जाग्यावर, पेन्शन येळेवर. लोक बगायलेत, बाई."

बाईंनी पेपर उघडला. पण दुपारी मी त्यांना आरशासमोर दात बघताना पाहिलं, आणि लगेच मान वळवली, दातांना काही व्हायला नको.

शेवटी मी ठरवलं, स्वतःची काढून बघायची. काय निघालं तर काय समजायचं, हे मला ठाऊक नव्हतं. पण गल्लीत तेवढी मी एकटीच राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांची लेक बाळाला टोचायला दवाखान्यात घेऊन गेली होती, बाई ओट्यावर पेपर वाचत होत्या, नवरा रात्रपाळी करून आत झोपला होता. गच्चीवरच्या दिवाळीच्या माळा संपल्या होत्या, सगळ्या गल्लीने जाळल्या होत्या. टोपी चीर दिलेली, ती दृष्टीला चालत नाही. टाकीमागच्या काळीची एक माळ मात्र परवाच वाळून झाली होती, बारीक मण्यांची, पिकून गडद तांबडी झालेली. ती अख्खी माळ मी घेतली. ओंजळभर जाळायची सवयच लागली होती. स्वतःवरून मूठ उतरवायला हात नीट फिरत नाही, खांदा आखडतो, तरी फिरवली. आणि खोलीतल्या शेगडीत टाकली.

त्यानंतरचं मला सलग सांगता येत नाही. आधी वाटलं कुणीतरी घशात सळई घातली. मग दिसायचं बंद झालं. मागून नवरा लुंगी सावरत धडपडत बाहेर पळाला, जाताना शिंकत, खोकत ओरडत होता, "कोणाक मारूक जाळलंस गो? कोणाक?" मी त्याच्या मागे. ओट्यावर बाईंचा पेपर होता, बाई नव्हत्या, त्या गुडघ्यांसकट रस्त्यावर पोचल्या होत्या. धूर भिंतीवरून आक्कांच्या अंगणात गेला. म्हशींनी दावी ताणली. समोरच्या घरातली माणसं बाहेर, शेजारची बाहेर, सगळी गल्ली रस्त्यावर वाकून खोकतेय, नाकं गळतायत, आणि त्या गर्दीतून आक्का पदर तोंडाला लावून, रडत रडत, हर्षाने ओरडत येतायत:

"आला! आला गं माय! ठसका आला! कुनाची काढली? कुनाची?"

मी हात वर केला. बोलता येत नव्हतं.

"तुजी? मग तुला तर काडीचीबी नदर न्हाई! सगळ्या गल्लीत कोरी तू एकलीच!"

तिथेच रस्त्यात, डोळे आधीच वाहत होते म्हणून बरं, मी सांगून टाकलं. मला वाटत होतं नजर माझी आहे. बाळाला माझीच लागली. म्हणून तुम्ही मला पाळण्याजवळ नको म्हणालात.

आक्कांचा खोकला थांबला. त्यांनी पदराने नाक पुसलं.

"आलतं मनात एकदा," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. पर मंग म्हनलं, हिची नदर वाईट असती तर आदी हिचीच झाडं वाळून गेली असती. दिवसभर त्येंच्याकडंच बगत बसती. आन आता तर तू बगतबी न्हाईस. म्हशीला धडकतीस."

"मग पाळण्याजवळ..."

"कुनीच नको म्हनलं न्हवं? मीबी उभी न्हवते ऱ्हानार. मला माजाच भरवसा न्हवता ऱ्हायला."

हे मला सुचलंच नव्हतं. सगळी गल्ली आपापल्या घरात बसून आपापल्याच डोळ्यांना घाबरत होती.

एवढ्यात बाई माझ्या खोलीकडून परत आल्या. एका हातात काळीचा शेगडीबाहेर पडलेला मणी, दुसऱ्या हातात फुलदाणीवरची दिवाळीची माळ, गल्लीतली शेवटची. चेहरा पेपर तपासताना व्हायचा तसा. "ही जाळली तर गाव रिकामं होतं. ही जाळली तर रताळ्याचा वास येतो. मिरच्याच वेगळ्या आहेत, आणि काही नाही." आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी दिवाळीची एक मिरची तोडून तोंडात टाकली.

"बाई!" मी किंचाळले. "खायची नाही!"

सगळी गल्ली बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. बाई चावत होत्या. नवरा हळूच म्हणाला, "पाणी आणू?" बाईंनी हात वर करून थांबवलं, सावकाश गिळलं आणि म्हणाल्या, "सिमला मिरची. जुनी सिमला मिरची."

मग आक्कांनी खाल्ली. मग नवऱ्याने चार खाल्ल्या, म्हणाला भाकरीबरोबर चालेल. मीही खाल्ली. एवढे महिने जिला घाबरत पाणी घातलं ती मिरची गोड होती. गच्चीच्या कठड्यावर खार बसून हे सगळं बघत होती. तिच्याकडे बघायची मला लाज वाटली.

"कळलं का आता?" बाई आक्कांना म्हणाल्या. "जातच बिनतिखट आहे. बाळाला नाही, म्हशीला नाही, कुणालाही काही झालेलं नाही."

आक्कांनी आणखी एक चावली. विचार केला. त्यांचा चेहरा उजळला.

"बाई, तुमी शिकलेल्या, पर एक सांगा. गोड मिरची कुठं असती का? हिचं तिखट गेलं. कशामुळं गेलं? समदी गल्ली भिंतीवर हनुवटी ठिवून बगायलती हिला. मीच पयली. रंग बगा, रंग बगा, करून करून मिरचीलाच नदर लागली! आन ती काळी टाकीच्या मागं व्हती, तिला कुनी बगितलं न्हाई, तर तिचं तिखट समदं जाग्यावर. बगा, जुळतंय का न्हाई?"

बाईंनी हातातला काळीचा मणी उलटसुलट करून बघितला. खरं सांगते, जुळत होतं. मला आजही नक्की सांगता येत नाही. बाई म्हणतात ते खरं असणार, त्या शिकलेल्या आहेत. पण आक्कांचं सगळं जुळतं.

बाळाला घेऊन लेक दवाखान्यातून आली तेव्हा गल्ली अजून रस्त्यावर नाक पुसत होती. नर्सने वजन केलं होतं, म्हणाली छान वाढतंय, संध्याकाळी रडतात बाळं. आक्का म्हणाल्या, "ते व्हयच की," जणू त्यांनी वेगळं कधी काही म्हटलंच नव्हतं.

बारसं ठरल्या दिवशी झालं. बाईही आल्या, खुर्ची घेऊन. पाळण्याच्या अलीकडे आक्का आणि पलीकडे मी, नव्या साडीत, लांब हात पुढे करून. बाळ पाळण्याखालून माझ्या हातात आलं आणि मी त्याच्याकडे बघितलं. अंगठ्याकडे नाही, नीट, सगळ्या तोंडाकडे. कितीतरी दिवसांनी. त्याच्या भुवया अजून उमटायच्या होत्या. त्याने मला बघितलं आणि भोकाड पसरलं.

"बगू दे तिला," आक्का पलीकडून म्हणाल्या. "घाई न्हाई. मंग दे."

घुगऱ्या वाटून झाल्यावर आक्का काजळाची डबी घेऊन आमच्या अंगणात आल्या. बाळाला तीट लावून उरलेलं काजळ होतं. त्यांनी दह्याच्या डब्यांना, बादलीला, हेल्मेटला, एकेक काळा ठिपका लावला. काळीला लावला नाही, तिला गरज नव्हती. आणि जाता जाता माझ्या गालाला बोट पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, "ते ठिपके पुसून टाक. आपल्या घरात हे चालत नाही." मी ओलं फडकं घेऊन सगळ्या कुंड्या पुसल्या. दिवाळीच्या हेल्मेटवरचा ठिपका तेवढा राहू दिला. बाईंनी तो बघितला. माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या चपलांकडे बघितलं नाही, वरच बघत राहिले.

"पाणी घाल," बाई म्हणाल्या. "माती सुकलीय."